नाताळच्या गावातली आगगाडी दरवर्षी त्याच वळणावर का थांबते?

"बाबू, गाडी परत थांबली रे. ह्या खेपेक नवीच हाडूया काय?"

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या काकींची ही हाक आली की मी वीज मोजायचा मल्टिमीटर पिशवीत टाकतो आणि कुंपण ओलांडतो. वेंगुर्ला-शिरोडा रस्त्याला माझं टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. काकींच्या पडवीत दरवर्षी नाताळचा गोठा मांडतात आणि गोठ्याभोवती चार बाय चार फुटांच्या प्लायवर एक गाव वसवतात. पुठ्ठ्याची घरं, एक चर्च, एक विहीर, आणि या सगळ्याला वळसा घालणारी आगगाडी. गाडी त्यांच्या मुलाने आखातातून आणलेली, रुळांतूनच वीज घेणारी, एचओ मापाची. म्हणजे दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर आणि खऱ्या गाडीच्या मानाने प्रमाण १:८७.

तक्रार दरवर्षी तीच. गाडी चर्चमागच्या वळणावर मंदावते आणि थांबते. बोटाने ढकलली की पुढे जाते, पुढच्या फेरीला पुन्हा तिथेच. शिवाय अर्धी घरं अंधारात. दरवर्षी कोणीतरी म्हणतं, स्वस्तातला माल आहे, नवीन घ्या. माझं म्हणणं उलटं आहे. इंजिन ठीक असतं, दिवेही बहुतेक ठीक असतात. बिघडतात ते सांधे. त्यामुळे खर्च करायचाच तर सांध्यांवर करा, आणि तो खर्च फारसा नसतो.

हे मलाही पहिल्या वर्षी उमगलं नव्हतं. मी इंजिन उघडलं, मोटरचे ब्रश पुसले, दातऱ्यांना तेलाचा थेंब दिला आणि मोठा तीर मारल्यासारखा घरी आलो. गाडी दोन दिवस चालली. तिसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, निघायच्या वेळेला बंद. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता कोणी हात न लावता पुन्हा सुसाट! दुपारी चालते आणि रात्री थांबते, हीच खूण होती. मी ती दोन वर्षं दुर्लक्षित केली.

आमच्या बाजूला शिरोड्याला मिठागरं आहेत. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला ते हेच शिरोडे. इथल्या वाऱ्यातच खार. तो खार रुळांच्या सांध्यात, बॅटरीच्या स्प्रिंगवर, वायरच्या पिळात बारीक थर धरतो. मिठाचा गुण असा की हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. दुपारी ऊन असतं, हवा कोरडी असते, थर सुकलेला असतो. रात्री उघड्या पडवीत दव उतरतं, थर ओला होतो आणि धातू खाऊ लागतो. तांब्यावर हिरवं, लोखंडावर तांबडं जे दिसतं ते हेच. त्यातून वीज धड जात नाही.

आता नेमकं कुठे अडतंय ते शोधायचं. बहुतेक जण इथेच चुकतात. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून रुळांना लावतात, सगळीकडे १२ व्होल्ट दिसतात आणि रूळ ठीक आहेत असं म्हणून इंजिनाच्या मागे लागतात. गाडी रुळांवर नसताना वीज वाहतच नसते, त्यामुळे खराब सांधाही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. नळ बंद असताना तुंबलेल्या पाइपातही दाब पुरेपूर असतो, तसंच. रुळांवर काहीतरी ओझं टाकल्याशिवाय चोर सापडत नाही.

माझं ओझं म्हणजे दुचाकीचा १२ व्होल्ट, ५ वॅटचा पार्किंगचा बल्ब. गॅरेजवाल्याकडे जुना असला तर फुकट मिळतो. तो जवळजवळ ०.४ अँपिअर ओढतो, म्हणजे लहान इंजिनाएवढंच. त्याला दोन वायरी जोडा आणि ट्रान्सफॉर्मर पूर्ण चालू करून त्यांची टोकं एकेका तुकड्याच्या दोन रुळांना टेकवत जा. वीज जिथून आत येते तिथे लख्ख पेटेल. जिथे पिवळा पडतो त्याच्या आधीचा सांधा गुन्हेगार. मीटर नसला तरी चालतं, डोळ्यांनाच कळतं. काकींच्या रुळावर वीज येते तिथे ११.८ व्होल्ट होते, आणि चर्चमागे बल्ब लावून मोजलं तर ७.२!

हिशेब बघा. १८ इंच त्रिज्येच्या वर्तुळाला १२ वाकडे तुकडे लागतात, त्यात दोन बाजूंना एकेक सरळ तुकडा घातला की १४. प्रत्येक ठिकाणी दोन रूळ, म्हणजे २८ सांधे. वीज एका जागी येते आणि दोन्ही बाजूंनी फिरत चर्चमागे पोचते. सगळ्यात लांबची जागा तीच, म्हणून गाडी दरवर्षी तिथेच मरते. चर्चला दोष नाही आणि वळणालाही नाही. गोठा उजवीकडे मांडून वीज तिथून दिली असती तर गाडी विहिरीपाशी थांबली असती.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करावेत. पहिला, तुकडे सुटे करून सांध्यातल्या पत्र्याच्या चिमट्या काढा. खऱ्या रेल्वेत दोन रूळ जोडणारी फिशप्लेट जे काम करते तेच या करतात, फक्त इथे त्या वीजही नेतात. ज्या काळ्या किंवा हिरव्या झाल्यात त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे ते 'आयपीए' नावाने मिळतं. ढिल्या झाल्या असतील तर पकडीने अगदी हलकं दाबा. जोरात दाबलं तर रूळ आत जात नाही, मग तुम्ही रेटता, मग रुळांखालचे प्लास्टिकचे स्लीपर तुटतात. हे सगळं माझ्याच हातून झालेलं आहे.

दुसरा उपाय खरा. ट्रान्सफॉर्मरपासून वायरींची आणखी एक जोडी प्लायखालून नेऊन थेट चर्चमागच्या तुकड्याला सोल्डर करा, म्हणजे डाग द्या. मोठं गाव असेल तर दर तीन-चार फुटांवर अशी एक जोडी द्या. मग वीज २८ सांध्यांच्या मेहेरबानीवर राहत नाही. आतल्या रुळाची वायर आतल्याच रुळाला आणि बाहेरची बाहेरच्याला, यात गफलत झाली तर सरळ शॉर्ट. आतल्याला लाल, बाहेरच्याला काळी असं ठरवून टाका. सोल्डर करताना राळ वापरा. हार्डवेअरच्या दुकानात पत्रे जोडायचं जे आम्लाचं पाणी मिळतं ते पटकन डाग धरतं खरं, पण उरलेलं आम्ल पुढच्या पावसाळ्यात वायर कुरतडून टाकतं. वायर इंटरनेटच्या जुन्या लॅन केबलमधून काढली तरी चालते, मात्र चाकूने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, त्याला डाग नीट बसत नाही.

रुळाचा वरचा भाग आयपीएच्या फडक्याने पुसायचा, फार काळा असेल तर शाळेच्या खोडरबरने. पॉलिश पेपर नको. त्याचे ओरखडे पडतात आणि पुढचा मळ त्यातच भरतो. लोखंडी घासणी तर घरातच ठेवा. तिचा एखादा तुकडा इंजिनात गेला की मोटरच्या चुंबकाला चिकटलाच. चाकं पुसायची एक सोपी युक्ती आहे. ओलं फडकं रुळावर आडवं टाका, इंजिनाची पुढची चाकं फडक्यावर, मागची रुळावर ठेवून धरा आणि वीज सोडा. पुढची चाकं जागेवर फिरत स्वतःला पुसून घेतात. मग उलटं करा. फडक्यावर उमटणारे काळे पट्टे बघून काकी म्हणाल्या, "तव्याक पण इतको मळ नसता."

ज्यांची गाडी जत्रेतली आहे, प्लास्टिकच्या रुळांची आणि पोटात सेल असलेली, त्यांना वरचं काहीच लागू नाही. तिथे रुळात वीजच नसते. दुखणं सेलच्या स्प्रिंगमध्ये असतं, नाहीतर आसाला केस आणि काथ्या गुंडाळलेला असतो. अल्कलाइन सेल फुटून स्प्रिंगवर पांढरी बुरशीसारखी पूड आली असेल तर ती लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, मग आयपीए, मग वाळवा. आमच्याकडे एकाने लिंबाऐवजी आमसुलाचं आगळ वापरलं. आगळात मीठ असतं, बाबांनो. ते सोलकढीलाच राहू द्या.

अर्धी घरं अंधारात

हे दुखणं वेगळं, पण मूळ बरंचसं तेच.

आधी एक ताकीद. गणपतीच्या मखराची २३० व्होल्टची माळ डिसेंबरमध्ये या गावात वळवायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. तसं करू नका. त्या माळेत बहुतेक वेळा ट्रान्सफॉर्मर नसतो, दिवे एकामागोमाग जोडून वीज थेट भिंतीतून घेतलेली असते. दिवा बारीक दिसला तरी वायर घरच्या विजेचीच. पुठ्ठ्याचं घर, शेजारी कापूस, दवाने ओली जमीन, आणि पोरं बोटं घालणार. अशी माळ खिडकीवर टांगा, गावात आणू नका. आणि तिची लांबी कमी करायला मधली वायर कापू तर अजिबात नका, उरलेल्या दिव्यांवर जास्त ताण येऊन तेही जातात.

गावाला ५ व्होल्ट पुरतात. प्रत्येकाच्या कपाटात मोबाईलचा एक तरी जुना चार्जर पडलेला असतो, तोच घ्या. सुटे पांढरे एलईडी घ्या, पिवळसर झाक असलेले. निळसर पांढऱ्याने घर दवाखान्यासारखं दिसतं. पांढरा एलईडी ३ व्होल्टच्या आसपास पेटतो, ५ मधून उरलेले २ व्होल्ट रेझिस्टरने, म्हणजे वीज अडवणाऱ्या बारीक नळकांडीने, खायचे. पुस्तकी हिशेबाने १० मिलिअँपिअरला २०० ओहम येतात आणि दुकानात २२० मिळतो. मी मात्र १ किलोओहमचा लावतो. प्रकाश मंद होतो, खिडकीतून कंदील लावल्यासारखा दिसतो, आणि ३० घरांचं मिळून ६०-७० मिलिअँपिअर होतं.

या काटकसरीने मला एकदा चांगलंच फसवलं. चार्जरऐवजी पॉवर बँक लावली, म्हणजे वीज गेली तरी गाव उजळलेलं राहील. दर अर्ध्या-पाऊण मिनिटाने सगळं गाव विझायचं. बटण दाबलं की पुन्हा पेटायचं. मी सगळे डाग तपासून काढले. दोष कशातच नव्हता. पॉवर बँकेला वाटत होतं की मोबाईल भरून झाला, म्हणून ती बंद होत होती. ओढ फार कमी असली की बहुतेक पॉवर बँका असंच करतात. ४७ ओहम, एक वॅटचा एक रेझिस्टर समांतर जोडून शंभरेक मिलिअँपिअर फुकट जाळले तेव्हा ती जागी राहिली. रेझिस्टर गरम होतो, म्हणून तो प्लायखाली मोकळ्यावर ठेवायचा. चार्जर असेल तर ही भानगडच नको.

'लाल पेटतो, पांढरा पेटत नाही' ही दुसरी नेहमीची तक्रार. लाल एलईडी २ व्होल्टच्या आसपासच पेटतो. लाल आणि पांढरे शेजारी शेजारी जोडून सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर दिला की लाल सगळा करंट पिऊन टाकतो आणि व्होल्टेज २ च्या वर चढूच देत नाही. पांढरा बिचारा उपाशी. प्रत्येक दिव्याला स्वतःचा रेझिस्टर द्या, तो इतका स्वस्त असतो की तिथे वाचवण्यासारखं काहीच नाही.

गाडी सुटली की घरं मंदावतात का? मग दिवे आणि गाडी एकाच अडॅप्टरवर आहेत. वेगळे करा. काही जण दिवे रुळांनाच जोडतात. मग गाडीचा वेग कमी केला की गाव विझतं आणि गाडी उलटी नेली की विझूनच राहतं, कारण रुळावरची वीज उलट झाली की एलईडी पेटत नाही.

तयार मिळणारी तांब्याच्या बारीक तारेची यूएसबी माळ सोयीची असते, पण तिच्या तारेवर फक्त वार्निशचा थर असतो. घराच्या कडेवरून ताणली की तो खरवडला जातो आणि दोन तारा एकमेकींना लागतात. वळणावर कागदी टेप लावा. सुट्या दिव्यांचे सगळे डाग झाल्यावर त्यावर बिनरंगाचं नेलपॉलिश फासा. खारी हवा आत शिरत नाही. काकींच्या सुनेची अर्धी बाटली त्यात गेली, पण त्या सांध्यांवर अजून हिरवं आलेलं नाही. पॉलिश पूर्ण वाळेपर्यंत वीज मात्र लावू नका, ओलं असताना ते पेट घेतं.

सजावट, म्हणजे पुढच्या वर्षीच्या बिघाडाची पेरणी

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बर्फासाठी मीठ. दिसतं छान, चकाकतं, स्वस्तही आहे. पण वर सांगितलं तेच, रात्री ते पाणी ओढतं आणि सकाळी रुळांच्या कडेला ओघळ दिसतात. मीठ पसरलेलं एक गाव मी पाहिलं होतं, फेब्रुवारीत त्याच्या लोखंडी रुळांचे पापुद्रे सुटत होते.

त्याच्या खालोखाल समुद्राची वाळू. ती घराजवळ असते, फुकट असते, रुळांखालच्या खडीसारखी दिसते. तिच्यात मीठ असतंच, धुतलं तर बरंच जातं. पण आपल्या किनाऱ्याला आणखी एक गोष्ट आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूत इल्मेनाइट हे लोहयुक्त खनिज आहे आणि आमच्या रेडीला लोखंडाच्या खनिजाच्या खाणी. वाळूतले काळे कण मोटरच्या चुंबकाकडे ओढले जातात. स्पीकरमधलं जुनं चुंबक कागदात गुंडाळून वाळूवरून फिरवा, कागदाला काळी मिशी फुटली तर ती वाळू रुळांजवळ नको. मी चाळलेला लाकडी भुसा काळ्या-तांबड्या रंगात बुडवून वाळवतो आणि पातळ केलेल्या फेविकॉलने चिकटवतो. निसटून इंजिनात गेला तरी तो चुंबकाला चिकटत नाही.

कापसाचा बर्फ रुळापासून वीतभर लांब असू दे. एक तंतू आसात गेला की त्यामागून सगळा पुंजका जातो. जुन्या धोतराचा तुकडा फेविकॉलच्या पाण्यात बुडवून चुरगळून टेकडीवर वाळवला की छान बर्फ दिसतो. पैसे वाचवायला मैद्याची खळ वापराल तर पावसाळ्यात झुरळं गाव खातील. काकींच्या गावातल्या पुठ्ठ्याच्या शाळेचं अख्खं छप्पर त्यांनी फस्त केलं होतं. थर्माकोलचं बोलतच नाही, सजावटीसाठी राज्यात २०१८ पासून त्यावर बंदी आहे, आणि तो पुठ्ठ्याइतका देखणाही नसतो.

पुठ्ठा वापरायची लाज वाटून घेऊ नका. अमेरिकेत झाडाखालच्या गावाची जी परंपरा आहे, ती पेन्सिल्व्हेनियातल्या जर्मन वळणाच्या लोकांकडून वाढली, आणि दुसऱ्या महायुद्धाआधीच्या दोन दशकांत तिथे विकली जाणारी घरं जपानमध्ये बनलेली साध्या पुठ्ठ्याचीच होती. वर अभ्रकाची चकाकी, मागे दिवा घालायला एक भोक. आपणही मागे भोकच पाडायचं, म्हणजे दिवा बदलताना घर फाडावं लागत नाही. आतून काळा रंग द्या, नाहीतर भिंतीच उजळतात. खिडक्यांना बटर पेपर.

माप मात्र सांभाळा. १:८७ ला माणूस दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर येतो आणि दार अडीचच्या आत. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी बाहुली हौसेने स्टेशनावर उभी केली तर ती इंजिनापेक्षा उंच होते. तिला गोठ्यात मेंढपाळ म्हणून ठेवा, गोठ्याला माप विचारत नाहीत.

खरं सांगायचं तर आता काकींच्या गावात बर्फ नाहीच. नातवानेच विचारलं, "आजी, आपल्याकडे बर्फ खंय पडता?" तेव्हापासून विटकरी रंगवलेल्या पुठ्ठ्याचे चिरे, पोफळीच्या विरीची, म्हणजे झापाच्या बुडाच्या सालीची, छपरं, आंब्याच्या पेटीच्या फळ्यांचं फलाट. चर्चमागे आंब्याच्या पेटीच्याच पट्ट्यांचा पूल उभा केलाय, कोकण रेल्वेच्या रत्नागिरीजवळच्या पानवल नदीवरच्या पुलाची नक्कल म्हणून. खरा पूल ६४ मीटर उंच आहे. या प्रमाणात तो सुमारे ७४ सेंटिमीटर व्हायला हवा होता, पण काकींनी एका वितीवर थांबवला, कारण त्यावरून इंजिन पडलं तर त्या मला जेवायला बोलावणार नाहीत.

६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की आवराआवर. सेल आधी काढा, रिमोटमधलेसुद्धा. रूळ आयपीएने पुसून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरा, सोबत बुटांच्या खोक्यातून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. झाकणाच्या कडेला चिकटपट्टी. डबा पोटमाळ्यावर कौलांखाली नको, माजघरात कपाटात ठेवा. आणि गणपतीच्या सुट्टीत एकदा उघडून बघा. पुड्यांतले दाणे रंग बदलणारे असतील आणि रंग बदलला असेल तर फाडून मंद तव्यावर परता. पापडाच्या डब्यात मात्र या पुड्या टाकू नका, काकींनी तेही करून बघितलंय.